साडेतीन पॉइंट

पॉलिहाऊस बघायला कुणी आलं की केमिस्ट आधी स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो आणि मगच स्ट्रॉबेरी दाखवतो. "फळ कुठं पळून जात नाही, आधी पिकवणारा कसा आहे ते बघून घ्या," म्हणतो. गोष्ट तो इतक्या चवीनं सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दुसऱ्याच कुणा गाढवाबद्दल बोलतोय. फक्त शेवटाकडे आला की त्याचा आवाज जरा बसतो. तिथं बायको त्याला पाणी आणून देते.

केमिस्ट हे त्याचं खरं पद नव्हतंच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं मदतनीस होता. बाटल्या धुवायच्या, नमुने आणायचे, उसाच्या रसाचा थेंब मीटरच्या काचेवर टाकायचा, डोळा लावायचा आणि साखर किती पॉइंट भरली ते वहीत लिहायचं, एवढंच काम. पण सगळे त्याला केमिस्ट म्हणत आणि त्यानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. फुकटची बढती कोण नाकारतो?

या एकतीस वर्षांत त्यानं दोन गोष्टी कमावल्या. एक मधुमेह, आणि दुसरी ही ठाम समजूत, की माणसाची जीभ लाचखाऊ असते. भूक लागली की तिला सगळंच गोड लागतं, आपल्या हातचं असलं की जास्तच गोड लागतं. मीटर मात्र कुणाचा मिंधा नसतो. मधुमेह झाल्यापासून तर त्यानं जिभेला कामावरूनच काढून टाकलं होतं. स्ट्रॉबेरीचं पॉलिहाऊस घातलं, तीन महिने झाले, पण स्वतःच्या हातची एक स्ट्रॉबेरी त्यानं तोंडात टाकली नव्हती.

पॉलिहाऊस ही मुळात बायकोची हौस. नोकरीची सगळी वर्षं ती दोघं कारखान्याच्या वसाहतीत तळमजल्यावर राहिली. समोरच्या दोन इमारतींमधल्या फटीतून त्यांच्या खिडकीत सकाळी अकरा मिनिटं ऊन यायचं. अकरा म्हणजे अकराच. केमिस्टनं घड्याळ लावून मोजलं होतं. त्या अकरा मिनिटांत बायको मिरचीची एक कुंडी खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत राहायची. त्या मिरचीला वर्षात चार मिरच्या लागायच्या आणि त्यांचं कौतुक वर्षभर चालायचं. निवृत्तीनंतर गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला. दिवसभर उन्हात पडलेला तो तुकडा बघून ती एवढंच म्हणाली, "इथं काहीही सरकवायला नको."

लेकीला मात्र हे पसंत नव्हतं. या वयात वाकून कामं करायची, जवळ दवाखाना नाही, त्यात वडिलांची साखर. तिनं शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये एक खोली आईवडिलांसाठी रिकामी करून ठेवली होती. शेवटी असं ठरलं, की एक हंगाम करून बघायचा. माल कायमचा घेणारं कुणी भेटलं तर इथंच राहायचं. नाही भेटलं, तर पॉलिहाऊस विकून लेकीकडे जायचं. केमिस्टनं तसा शब्द दिला होता. बायको ती खोली बघून आली होती. खोली चांगली होती, स्वच्छ होती, पंखाही नवा होता. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. "अकरा मिनिटंसुद्धा नाहीत," ती परत आल्यावर म्हणाली.

आणि घेणारं भेटलंही. आईस्क्रीमचा कारखाना चालवणाऱ्या एक बाई होत्या. फोनवर तोलूनमापून बोलणाऱ्या. त्यांची अट सरळ होती: आठवड्याला साठ ट्रे, आणि साखर आठ पॉइंटच्या खाली नको. केमिस्टचं फळ तेव्हा नऊ भरत होतं. त्यानं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "अठरा दिवसांनी येते. माझ्या डोळ्यांनी बघते आणि मग ठरवते."

आता नऊ पॉइंट असताना माणसानं गप्प बसावं की नाही? पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

झालं असं, की दुसऱ्याच दिवशी मीटर त्याच्या हातून निसटलं आणि लोखंडी खांबावर आपटलं. मीटर म्हणजे वीतभर लांबीची नळी. एका टोकाला काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची जागा. ते आपटलं की त्याचं शून्य बिघडू शकतं, आणि शून्य तपासायची रीत केमिस्टला झोपेतही पाठ होती. काचेवर शुद्ध पाण्याचा थेंब टाकायचा. पाण्यात साखर नसते, म्हणून आतली रेघ शून्यावर दिसली पाहिजे. नसेल, तर बारीक स्क्रू फिरवून ती शून्यावर आणायची.

त्यासाठी त्यानं औषधाच्या दुकानातून शुद्ध पाण्याच्या तीन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: "शुद्ध पाणी. पिण्यासाठी नाही." चिठ्ठ्या चिकटवायची त्याला भारी हौस. घरात मिठाच्या डब्यावर "मीठ" लिहिलेलं होतं आणि साखरेच्या डब्यावर "साखर (मला नाही)".

दाराजवळच्या फळीवर एक बाटली दिसली. त्यानं थेंब टाकला आणि डोळा लावला. रेघ साडेतीनवर होती.

म्हणजे मीटर साडेतीन पॉइंट जास्त दाखवत होतं! आणि आजचंच कशावरून? खांबावरच्या एका टपलीनं साडेतीन पॉइंट सरकत नाहीत. म्हणजे मीटर आधीपासूनच खोटं बोलत असणार. त्यानं कपाळावर हात मारला, स्क्रू फिरवला, रेघ शून्यावर आणली आणि वाफ्यातलं एक लालबुंद फळ पिळून बघितलं. साडेपाच. दुसरं बघितलं. साडेपाच. तिसरं सव्वापाच.

आता दुसरा कुणी असता तर जरा थांबला असता. पण केमिस्टला एक वाईट खोड आहे. स्वतःला मूर्ख ठरवायची संधी आली की तो ती दोन्ही हातांनी घेतो, कारण त्यातही आपण किती प्रामाणिक हे दाखवता येतं. त्यानं लगेच आईस्क्रीमवाल्या बाईंना फोन लावला.

"बाई, मी तुम्हाला नऊ सांगितले ते चुकीचे होते. माझं मीटर बिघडलेलं होतं. एकतीस वर्षं या कामात काढून मी हंगामभर शून्य तपासलं नाही. माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही. फळ साडेपाच आहे."

मग बाई म्हणाल्या, "ठरलेल्या दिवशी येतेच. आठ असेल तर घेईन, नसेल तर नाही. पण तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत."

एवढ्या शेवटच्या वाक्यावर त्यानं दुपार काढली. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तेव्हा ती हातातलं फळ चावत होती.

"साडेपाच? अहो, गोड आहे की!"

"तुझी जीभ सांगते."

"मग काय माझं कोपर सांगणार? खाऊन तरी बघा."

"मी साखर खात नाही आणि जिभेवर विश्वास ठेवत नाही," केमिस्ट म्हणाला. हे वाक्य तो बाहेरच्यांसमोरही म्हणायचा. त्याला ते फार आवडायचं.

मग मोहीम सुरू झाली. साखर वाढवायची तर ती येते कुठून, यावर त्यानं बायकोला उभं करून व्याख्यान दिलं. खत घालून साखर येत नाही, पाणी घालून तर नाहीच. साखर पानात तयार होते आणि ती उन्हावर तयार होते. "पान म्हणजे स्वयंपाकघर, ऊन म्हणजे चूल. हे दिवस ढगाळ, त्यात दिवस लहान. चूल मंद पेटलीय आणि एकेका झाडावर जेवायला पंचवीस तोंडं. प्रत्येकाच्या ताटात पडणार काय? पाणी!"

"मग चूल मोठी करा," बायको म्हणाली.

चूल मोठी करण्याचं काम मनापासून झालं. सावलीसाठी वर बांधलेली हिरवी जाळी काढली. छताच्या प्लास्टिकवर तीन महिन्यांची धूळ आणि शेवाळ होतं. केमिस्ट शिडीवर चढून लांब दांड्याच्या फडक्यानं ते घासायचा आणि बायको खाली शिडी धरून उभी राहायची. वाफ्यांमधल्या वाटांवर पांढरं प्लास्टिक अंथरलं, म्हणजे खाली पडलेला उजेड पानांच्या पोटाला लागेल. सुकलेली, एकमेकांवर सावली धरणारी जुनी पानं खुडली. चार दिवसांत पॉलिहाऊस असं लख्ख झालं, की आत शिरताना डोळे बारीक करावे लागायचे. बायको तर उगाच आत येऊन उभी राहायची. एकदा तिनं हात पुढं करून तळव्यावर पडलेलं ऊन बघितलं आणि हसली.

पाचव्या दिवशी ढगही हटले. मीटर म्हणालं, सहा.

सहा म्हणजे अजून दोन पॉइंट कमी. चूल वाढवून झाली होती. आता उरली तोंडं.

"फुलं आणि हिरवी फळं खुडायची," केमिस्टनं जाहीर केलं. "निम्मी. मग उरलेल्यांना दुप्पट साखर."

बायको वाफ्यावर हात ठेवून उभी राहिली. "धरलेलं फळ तोडायचं? आणि साठ ट्रे कुठून भरणार?"

"सहाचे साठ ट्रे न्यायला येणार कोण? आधी आठ तर होऊ देत."

"गोड आहेत हो," ती पुन्हा म्हणाली. पण तिच्या आवाजात आधीचा जोर नव्हता. समोरच्या माणसाच्या हातात मीटर आणि आपल्या हातात नुसती जीभ, मग भांडणार तरी कशावर? शेवटी ती म्हणाली, "पलीकडच्या आठ ओळी मी करते. तुम्ही या बारा करा."

त्यानं बारा ओळी केल्या. एकेका झाडावरची टपोरी, पांढुरकी, पंधरवड्यात लाल होणारी फळं त्यानं नखानं खुडली आणि बादलीत टाकली. सात बादल्या झाल्या. सातव्या बादलीपाशी तोही घुटमळला, पण त्यानं मनाला बजावलं, की हीच खरी शास्त्रीय वृत्ती. हे वाक्य तो पाहुण्यांना सांगताना थांबतो आणि म्हणतो, "बघा, गाढव किती शास्त्रीय असतं ते!"

त्यानंतर रोजचा नेम सुरू झाला. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन टोचायचं, दोन घास पोटात ढकलायचे, कधी तेही विसरायचे, आणि मीटर घेऊन पॉलिहाऊसमध्ये शिरायचं. आता एकदा पोळला असल्यामुळे प्रत्येक मोजणीआधी शून्य तपासायचा. काच फळीवरच्या बाटलीतल्या पाण्यानं धुवायची, थेंब टाकायचा, रेघ शून्यावर आहे ना ते बघायचं. रेघ रोज शून्यावर असायची. दिवसाला तीसचाळीस फळं मोजायची, म्हणजे तितक्याच वेळा धुणं. बाटली झपाट्यानं उतरायची आणि दर दोन दिवसांनी पुन्हा भरलेली दिसायची. बायको तिसरी बाटली उघडून ओतत असेल, असं त्याला वाटलं. खरं तर वाटलंही नाही. घरात संपलेल्या वस्तू पुन्हा भरलेल्या दिसण्याची त्याला एकतीस वर्षांची सवय होती.

पावणेसात. सात. सव्वासात. साडेसात.

बायको त्या दिवसांत बरीच खुशीत होती. फुलं खुडण्यावरून रागावून बसेल, असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही दिसेना. उलट संध्याकाळी त्याच्याकडे बघून ती मधूनच हसायची आणि भाजीत तेल सढळ हातानं घालायची. एकदा म्हणाली, "हल्ली तुम्ही ऐकता हं माझं." कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही. पण बायको खूश असताना कारण विचारायचं नसतं, एवढं शास्त्र त्यालाही येत होतं.

अठराव्या दिवशी सकाळी मीटर म्हणालं, आठ. बरोबर आठ. त्यानं पाच फळं मोजली. पाचही आठाच्या रेघेवर. आनंदाच्या भरात तो नाश्त्याला घरात आलाच नाही.

आईस्क्रीमवाल्या बाई दहाच्या सुमाराला आल्या. पन्नाशीच्या, पायात रबरी बूट, खांद्याला पिशवी. नमस्कार झाल्याबरोबर त्या वाफ्यांकडे वळल्या. केमिस्ट पुढं, बाई मधे, बायको मागं.

"आठ," केमिस्टनं मीटर पुढं केलं. "साडेपाचावरून आठावर आणलंय. उजेड वाढवला, तोंडं कमी केली."

बाईंनी त्याचं मीटर घेतलं नाही. पिशवीतून स्वतःचं काढलं, एक फळ तोडलं, थेंब टाकला, दाराकडे तोंड करून बघितलं. भुवया वर गेल्या. दुसरं फळ तोडलं. तिसरं. मग चौथं फळ त्यांनी मोजलं नाही, खाल्लं.

"साडेअकरा," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही," केमिस्ट म्हणाला.

विकणारा म्हणतो माल कमी चांगला आहे आणि घेणारी म्हणते जास्त चांगला आहे, असं भांडण जगात क्वचितच झालं असेल. ते तिथं पाच मिनिटं झालं. "तुमचं मीटर चुकतंय," तो म्हणाला. "माझं कालच तपासून आणलंय," त्या म्हणाल्या. "मी रोज तीस वेळा शून्य बघतो," तो म्हणाला. "कशानं बघता?" त्यांनी विचारलं.

त्यानं ऐटीत फळीवरची बाटली उचलली आणि चिठ्ठी त्यांच्यापुढं धरली. बाईंनी चिठ्ठी वाचली. मग बाटलीतला एक थेंब स्वतःच्या मीटरवर टाकला आणि डोळा लावला. मग काच पुसून दुसरा थेंब टाकला.

"साडेतीन," त्या म्हणाल्या. "तुमच्या शुद्ध पाण्यात साखर आहे हो!"

छताचं प्लास्टिक वाऱ्यानं एकदा फुगलं आणि बसलं.

"चार चमचे," मागून बायको म्हणाली.

केमिस्ट वळला.

"म्हणजे काय? साखरेचं पाणी आहे ते. मीच करून ठेवते." ती गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. "मागं तुम्ही इथं ओळीत पडला होतात ना. पाय घसरला म्हणालात. अंग सगळं घामानं भिजलेलं, ओठ पांढरे. घसरलेला माणूस असा भिजतो का? डॉक्टर म्हणाले होते, साखर खाली गेली की लगेच काहीतरी गोड द्या. साखर घातलीय म्हटलं असतं तर तुम्ही ओतून दिलं असतं. म्हणून तुमचीच एक बाटली रिकामी केली, धुतली आणि भरून ठेवली. तुम्हाला सांगितलंही होतं की, बरं वाटेनासं झालं तर फळीवरचं पाणी प्या म्हणून. तुम्ही 'हं' म्हणालात."

"चिठ्ठी..." केमिस्ट म्हणाला.

"तुमच्या चिठ्ठ्या मी कधी वाचते? मिठाच्या डब्यावर मीठ लिहिता तुम्ही!"

केमिस्टच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. अर्धा लिटर पाणी, चार चमचे साखर, साडेतीन पॉइंट. साखरेच्या पाण्याला त्यानं शून्य मानलं होतं, म्हणून पुढं मोजलेलं प्रत्येक फळ साडेतीननं कमी दिसलं. फळ पहिल्या दिवसापासून नऊ होतं. मीटर खरं बोलत होतं, बायको खरं बोलत होती. खोटी होती ती फक्त त्याच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण त्या वळशात त्यानं सात बादल्या फळं खुडून टाकली होती.

बायको मात्र अजून बाटलीपाशीच अडकली होती. "पण बाटली तर रिकामी व्हायची," ती हळू आवाजात म्हणाली. "दर दोन दिवसांनी मी भरत होते. मला वाटलं, तुम्ही पिताय. न बोलता का होईना, पण घेताय. मला किती बरं वाटायचं. म्हणजे... तुम्ही एकदाही प्यायला नाहीत?"

"काच धुतली," केमिस्ट म्हणाला.

तिनं मान खाली घातली. रडली नाही, रागावली नाही, नुसती पदरानं फळी पुसायला लागली. पुसायसारखं तिथं काही नव्हतं. केमिस्टला सात बादल्यांचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं ती फळी पुसताना बघून वाटलं.

बाईंनी खाकरून घसा साफ केला. त्या रुक्ष होत्या, पण दगड नव्हत्या. "फळ उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "असं साडेअकराचं मला सजावटीला हवंच. पण या ओळींत आहेच किती? वीसपंचवीस ट्रे. एवढ्यावर माझं आईस्क्रीम होत नाही. मला साठ लागतात, नाहीतर मला दुसरीकडे बघावं लागेल." त्यांनी मीटर पुसून पिशवीत टाकलं. "नऊ होतं तसं राहू दिलं असतं ना, तर आज मी इथंच हो म्हटलं असतं."

हे वाक्य केमिस्टच्या कानात शिरलं, आणि त्यापाठोपाठ ती खोली, नवा पंखा, हाताला लागणारी भिंत. त्यानं लेकीला शब्द दिला होता. स्वतःच्या शहाणपणानं त्यानं बायकोचं ऊन विकलं होतं.

"पलीकडच्या आठ ओळी बघायच्या राहिल्या," बायको म्हणाली.

"त्याही खुडल्यात ना आपण," केमिस्ट म्हणाला.

"तुम्ही खुडल्यात. मी 'करते' म्हणाले होते. केल्या नाहीत."

ती पुढं झाली. त्या आठ ओळी पॉलिहाऊसच्या टोकाला होत्या आणि केमिस्ट मोजणीसाठी तिकडं फिरकलाच नव्हता. आपण खुडलेल्या ओळी वर चढताहेत की नाही, एवढंच तो बघत बसला होता. तिथं झाडं फळांनी वाकली होती. पानांखालून, पांढऱ्या प्लास्टिकवर, ओळीच्या दोन्ही अंगांनी लाल फळं लोंबत होती. बाईंनी एक मोजलं. साडेनऊ. दुसरं. पावणेदहा. इथं तोंडं तेवढीच राहिली होती, पण चूल मोठी झाली होती.

बाई ओळी मोजत शेवटपर्यंत चालत गेल्या आणि चालत परत आल्या. "इथून तीस तरी निघतील," त्या म्हणाल्या. "ते पंचवीस आणि हे तीस. पाच कमी पडतात." त्यांनी बायकोकडे बघितलं, केमिस्टकडे नाही. "पुढच्या बहराला फुलं कोण खुडणार?"

"कुणी नाही," बायको म्हणाली.

"मग हंगामभर घेते. पुढचाही. पण फोन तुम्ही करायचा, यांनी नाही."

बाई गाडीकडे गेल्या. केमिस्टला त्यांना सोडायला जायचं होतं, पण पाय उचलेना. उजेड फार झाल्यासारखा वाटला, कानात भुंगा घुमायला लागला, हाताची बोटं थरथरू लागली. सकाळचं इंजेक्शन घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं. तो ओळीच्या कडेला पांढऱ्या प्लास्टिकवर बसला. पाय घसरला म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"घसरलो नाही," तो म्हणाला. "त्या दिवशीपण घसरलो नव्हतो."

"माहीत आहे," बायको म्हणाली. ती त्याच्याशेजारी टेकली होती आणि बाटलीचं झाकण काढत होती.

त्यानं बाटली घेतली. दोन्ही हातांनी धरावी लागली. एक घोट घेतला, मग दुसरा, मग थांबलाच नाही. पाणी गोड होतं. साडेतीन पॉइंट किती गोड असतात, हे एकतीस वर्षं मोजूनही त्याला माहीत नव्हतं. अर्धी बाटली संपल्यावर कानातला भुंगा बसला आणि हातांची थरथर कमी होत गेली. बायको त्याच्या घशाकडे बघत होती. तो खरंच गिळतोय ना, हे ती बघत होती.

"एक फळ दे," तो म्हणाला.

"तुम्ही खात नाही ना?"

"दे."

तिनं आपल्या ओळीतलं एक तोडून दिलं. त्यानं ते सावकाश खाल्लं. मग खिशातलं पेन काढलं, बाटली मांडीवर घेतली आणि चिठ्ठीवरचा "शुद्ध" खोडला. थोडा विचार केला आणि "नाही"ही खोडला. मग बाटली तिच्यापुढं धरली.

"वाच," तो म्हणाला. "एकदा तरी माझी चिठ्ठी वाच."

तिनं बाटली घेतली, पण चिठ्ठीकडे बघितलं नाही. बाटली उन्हात वर धरून आत किती उरलंय ते बघितलं, आणि भरून आणायला उठली.